शंका-समाधान : परमुलखात कायदा शिकताना

मागच्या अंकात परदेशातल्या एलएलएमबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत अर्ज आणि शिष्यवृत्तीचे प्रश्न असतील असं धरून चाललं होतं, पण ते थोडेच निघाले. जास्त पत्रांतली धास्ती वेगळी आहे : तिथे आपलं कोण असेल, आणि आपण कोणाचे असू? पत्रं गोंदिया जिल्ह्यातून आली आहेत. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : आमच्या घरी पोवारी बोलतात, शाळा मराठी, बाजार हिंदी. नागपुरात एलएलबी केलं. लंडनला एलएलएमला प्रवेश मिळाला आहे, सप्टेंबरात जायचं आहे. वर्गात देशोदेशीची मुलं असतात म्हणे. माझ्या इंग्रजीला हसतील आणि मी वर्षभर कोपऱ्यात बसून परत येईन, असं वाटतं. — एक विद्यार्थिनी, आमगाव

उत्तर : पहिले काही आठवडे कोपऱ्यातच बसाल. त्याचं एवढं मनावर घेऊ नका. हसणार मात्र कोणी नाही. शेजारी ब्राझीलचा नाहीतर कोरियाचा वकील असेल, त्यालाही इंग्रजी परकीच. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा तुमचं पारडं जड आहे. त्याच्या देशातला कायदा संहितेवर चालतो. पन्नास पानांचं निकालपत्र वाचून त्यातून नेमकं तत्त्व काढायचं, ही सवय त्याला तिथे येऊन लावावी लागते. तुम्ही अपकृत्याच्या पेपरला 1932चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन घोकलेला आहे, ती जिंजर बिअरच्या बाटलीतली गोगलगाय तुम्हाला झोपेतही आठवेल. आपला 1872चा करार कायदाही त्याच घराण्यातला. अभ्यासात तुम्ही मागे नाही.

अडतं ते बोलण्यात. आपल्याकडे सर सांगतात आणि आपण उतरवून घेतो. तिथे सेमिनार असतो, वाचन घरून करून यायचं आणि वर्गात फक्त त्यावर वाद घालायचा. वाचनाची यादी पाहून घाम फुटतो. ती सगळी वाचून होत नाही, कोणीच वाचत नाही, पण हे कोणी कबूलही करत नाही. यादीत आवश्यक वाचन वेगळं दाखवलेलं असतं, तेवढं नीट वाचा. प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहा : लेखकाचं म्हणणं काय, आणि मला कुठे पटत नाही. मग एक प्रश्न कागदावर पूर्ण वाक्यात लिहून न्या आणि सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांतच विचारून टाका. वेळ गेला की धीर सुटतो, नाहीतर तोच प्रश्न दुसरा कोणीतरी विचारून मोकळा होतो. वाचून दाखवलात तरी चालेल, मी वाचूनच दाखवत असे.

आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, असं वाटत असेल तर जरा घराभोवती बघा. मानवी हक्कांच्या किंवा पर्यावरणाच्या पेपरला मूलनिवासींचे जमिनीवरचे हक्क येतातच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1989चा 169 क्रमांकाचा करार येतो, संयुक्त राष्ट्रांचा 2007चा जाहीरनामा येतो. भारताने 169 स्वीकारलेला नाही, त्याआधीचा 1957चा 107 स्वीकारला आहे. वर्गातल्या बहुतेकांना हा विषय पुस्तकातून ठाऊक असतो. तुमच्या जिल्ह्यात 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेली गावं आहेत. गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी 2013 मध्ये वनखात्याच्या लिलावातून बाहेर पडून तेंदूपत्ता स्वतः विकायला काढला. गडचिरोलीच्या बऱ्याच भागाला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, तरीही हे झालं. ते कशाच्या जोरावर झालं, एवढंच समजावून सांगितलंत तरी सेमिनारचा अर्धा तास तुमचा. तेंदूच्या फळीवर पानांच्या गड्ड्या मोजताना कोणी पाहिलं असेल तर ते तुम्ही पाहिलं आहे, प्राध्यापकांनी नव्हे. जाण्यापूर्वी एखाद्या वनहक्क समितीच्या सचिवाकडे दुपारभर बसा, ठरावाची प्रत आणि हिशेबाची वही बघून घ्या.

वर्गातले इतर लोकही भारताकडे तुम्हाला वाटतं तितक्या लांबून बघत नाहीत. संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही हा केशवानंद भारतीचा 1973चा निकाल बांगलादेशच्या सुप्रीम कोर्टाने 1989 मध्ये उचलला. केनियात तर त्यावरून रान उठलं. नैरोबीच्या हायकोर्टाने 2021 मध्ये संविधानाच्या मूलभूत चौकटीचा आधार घेऊन घटनादुरुस्तीचा घाट अडवला आणि 2022 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा सिद्धांत आपल्याकडे लागू नाही असं ठरवलं. केनियाचं कोणी वर्गात असेल तर हा विषय काढून बघा. मैत्री जमवायला हवापाण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या आधी गेलेल्यांचं काय झालं तेही लक्षात असू द्या. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिली आली, पण बाई म्हणून विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. वर्गणीच्या पैशांवर ती 1889 मध्ये ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात पोचली. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा द्यायला तिला खास परवानगी काढावी लागली, आणि पदवी व बॅरिस्टरी हातात पडायला आणखी तीस वर्षं गेली. तुम्हाला परवानगी काढायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा आहे.

एक पत्ता लिहून ठेवा. रसेल स्क्वेअरला इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड लीगल स्टडीजचं ग्रंथालय आहे. लंडनच्या वेगवेगळ्या कॉलेजांतली एलएलएमची मुलं तिथे वाचत बसतात. एकाच टेबलावर ठरलेल्या वेळी बसत जा. ओळखी होतात त्या अशाच, स्वागत समारंभातल्या नव्हे.

प्रश्न : पोरगी गेल्या वर्षी इंग्लंडला वकिली शिकायला गेली. आधी रोज फोन करायची, आता आठ-आठ दिवस नाही. विचारलं तर म्हणते, बरी आहे. बरी नाही हे आवाजावरून कळते. तिकडे मराठी मंडळं आहेत म्हणतात, तिथं जा म्हटलं तर टाळते. काय करावं? — धान उत्पादक शेतकरी, तिरोडा

उत्तर : काका, आधी वेळेचं बघा. हिवाळ्यात तिचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. तुमची जेवणं आटोपून तुम्ही फोन करता, तेव्हा ती वर्गात किंवा कामावर असते. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि बरीच मुलं ते सगळे तास करतात. तेव्हा रविवारची एक वेळ ठरवा. "बरी आहेस का" हे विचारू नका, त्याला उत्तर एकच. रोवणी कुठवर आली, कोणाची बांधी पाण्याखाली गेली, मिलवाल्याने भाव काय लावला, हे सांगत बसा. पाच मिनिटांनी ती आपण होऊन बोलायला लागेल.

मंडळाचं म्हणाल, तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, गणपती-दिवाळी होते, माणसंही चांगली. पण तिथे मुख्यतः संसारी, स्थिरावलेली कुटुंबं भेटतात. तेवीस वर्षांच्या, विदर्भाच्या शेवटच्या टोकावरून आलेल्या मुलीला पुण्या-मुंबईच्या घोळक्यात आणखी एकटं वाटू शकतं, तिची बोली ऐकून कोणी गंमत केली तर जास्तच. आग्रह करू नका. वाटलं तर एखाद्या सणाला जाईल.

दूध-मांसाचे पदार्थ सोडून खाण्याचं सामान पाठवा, ते चालतं. बाबासाहेब आंबेडकर लंडनला असताना रात्री अभ्यासाला बसले की पत्र्यावर चार पापड भाजून खायचे, असं त्यांच्या चरित्रात आहे. त्या पापडांचं पुडकं ओळखीच्या कोणीतरी दिलेलं होतं.

मात्र तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, परीक्षा टाळायची भाषा असेल, तर मंडळ आणि पापड दोन्ही बाजूला ठेवा. विद्यापीठात समुपदेशन मोफत असतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिचं नाव नोंदलेलं आहे का, ते विचारा. व्हिसाच्या वेळीच आरोग्याचा अधिभार भरलेला असतो, त्यामुळे डॉक्टरला दाखवायचे पैसे पडत नाहीत. बरीच मुलं नाव नोंदवायचंच राहू देतात.

प्रश्न : मी गोंड आहे. आदिवासी विभागाच्या शिष्यवृत्तीवर बाहेर जायची तयारी करतो आहे. एक सीनियर सांगत होता की तिथे गोऱ्यांचा त्रास नाही, आपल्याच लोकांचा आहे. आडनाव विचारतात, मग "कोट्यातून का?" म्हणतात. भारतीय विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये राहावं की नाही? आणि असं काही झालं तर तिथला कायदा काय म्हणतो? — सालेकसा

उत्तर : तुमचा सीनियर खरं सांगतो आहे, पण अर्धंच. गोऱ्यांचा त्रासही असतो, फक्त तो ओळखायला वेळ लागतो.

कायद्याचं आधी. ब्रिटनच्या 2010च्या समता कायद्यात वंश हा संरक्षित निकष आहे. त्यात जात स्पष्ट शब्दांत घालायची तरतूद होती, पण सरकारने 2018 मध्ये सांगितलं की वेगळी दुरुस्ती करणार नाही, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. ज्या निकालाकडे बोट दाखवलं, तो तुम्ही मुळातून वाचावा : तिर्की विरुद्ध चंडोक. भारतातून घरकामाला नेलेली एक आदिवासी बाई. मालक-मालकिणीने तिला वर्षानुवर्षं राबवलं, पगाराच्या नावाने चिल्लर दिली. तिने दावा केला की मला निवडलंच गेलं ते माझ्या जन्मामुळे. अपिलात 2014 मध्ये ठरलं की जात ही वांशिक मूळ या व्याख्येत बसू शकते. पुढच्या वर्षी न्यायाधिकरणाने तिच्या थकलेल्या किमान वेतनापोटी 1 लाख 80 हजार पौंडांहून जास्त रक्कम द्यायला लावली. परदेशात जातीचा प्रश्न कोर्टात तडीला लावला तो एका आदिवासी मोलकरणीने, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परिसंवाद भरवणाऱ्यांना ते जमलं नव्हतं.

अमेरिकेत चित्र तुकड्यातुकड्यांचं आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये. सिएटल शहराने 2023 मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही गव्हर्नरने सही केली नाही. म्हणून प्रवेश घेताना त्या विद्यापीठाचा नियम काढून वाचा, देशाचा कायदा विचारत बसू नका.

इंग्लंडमध्ये विद्यापीठाकडे तक्रार करायची रीत ठरलेली आहे. तिथे दाद लागली नाही, तर प्रक्रिया संपल्याचं पत्र मागून घ्यायचं आणि स्वतंत्र लवादाकडे, म्हणजे ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटरकडे, बारा महिन्यांच्या आत जायचं. विद्यार्थ्याला त्याची फी नाही. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवलेलं असेल तरच पुढे काही होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद पुसू नका, तो पुरावा आहे.

आता फ्लॅटचं. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहा, महाग पडलं तरी. न्यूयॉर्कला 1913 मध्ये पोचल्यावर बाबासाहेबांनीही एकदोन ठिकाणं बदलली आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मुलाबरोबर राहिले. ती मैत्री नुसती खोलीपुरती राहिली नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, त्यानंतर 1920 मध्ये पुन्हा जाण्यासाठी भथेनांनी कर्ज दिलं, शाहू महाराजांनीही मदत केली, आणि 1922 मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. आपल्या जिल्ह्याचा त्यांच्याशी एक अवघड संबंध आहे. 1954ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी भंडाऱ्यातून लढवली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. मतदारांनी त्यांना पाडलं. आपल्या भागात कोणी हे फारसं काढत नाही.

कोट्याबद्दल विचारलं तर सरळ "हो" म्हणा आणि विषय बदला. त्यावर भाषण द्यायची जबाबदारी तुमची नाही. भाषणाची हौस असेल तर कचारगडच्या यात्रेवर द्या. माघी पौर्णिमेला तिथल्या गुहेशी किती राज्यांतून लोक येतात, हे ऐकायला परदेशात कान आहेत. बोलिव्हियाचा किंवा न्यूझीलंडचा विद्यार्थी भेटला तर तो तुम्हाला आडनाव विचारणार नाही, जंगल कोणाच्या नावावर आहे ते विचारेल.

प्रश्न : मी नोरग्येलिंगचा, म्हणजे लोक ज्याला तिबेटी कॅम्प म्हणतात तिथला. जन्म 2001चा. आईचा जन्मही इथलाच, 1976चा. मराठी शाळेतल्या मित्रांबरोबर शिकलो, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फॉर्मवर माझं नाव परदेशी विद्यार्थ्यांत. बाहेर एलएलएम करायचं आहे, पण पासपोर्ट नाही. इथे सनद मिळेल का, तेही माहीत नाही. मी कुठला धरायचा? — अर्जुनी मोरगाव

उत्तर : बाकी सगळे घरून निघून परके होणार म्हणून घाबरले आहेत, तुम्ही घरीच परके आहात. आपल्या वाचकांतल्या अनेकांना अजून वाटतं की प्रतापगड-गोठणगावची ती वस्ती म्हणजे थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्यांचं गाव. 1972 पासून ती तिथे आहे. जिल्हा 1999चा, म्हणजे कॅम्प जिल्ह्याहून जुना.

तुमच्या पत्रात एक ओळ फार मोलाची आहे, तिचं मोल तुम्हाला बहुधा ठाऊक नाही : आईचा जन्म 1976चा, भारतातला. नागरिकत्व कायद्याचं कलम 3 वाचा. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय नागरिक, आईबाप कुठलेही असोत. अपवाद परदेशी वकिलातीतल्यांचे आणि शत्रूच्या ताब्यातल्या भागाचे, ते इथे लागू नाहीत. हे तिबेटींनाही लागू आहे, असं दिल्ली हायकोर्टाने नामग्याल डोलकर प्रकरणात 2010 मध्ये सांगितलं आणि फुंत्सोक वांग्याल प्रकरणात 2016 मध्ये पुन्हा सांगितलं. म्हणजे कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुमची आई जन्मापासून भारतीय. आता त्याच कलमाचा पुढचा भाग : 1 जुलै 1987 रोजी किंवा त्यानंतर आणि 3 डिसेंबर 2004 च्या आधी भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक जरी जन्मावेळी भारतीय नागरिक असेल, तर तो मुलगाही जन्माने नागरिक. तुम्ही 2001चे. अर्ज करून नागरिकत्व मागायचा प्रश्न नाही, असलेलं सिद्ध करायचं आहे.

सगळा भार आता आईच्या जन्मनोंदीवर आहे. 1976 मध्ये नोंद कुठे झाली ते शोधा. ग्रामपंचायतीचं जुनं रजिस्टर, वस्तीच्या कार्यालयाचं दप्तर, दवाखाना, शाळेचा दाखल-खारिज. नोंद नसेल तर उशिरा नोंद करून घेण्याची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. आईची तारीख दोन कागदांवर दोन निघाली तर आधी तेच निस्तरा, पासपोर्ट कार्यालय तिथेच अडवतं.

पण पासपोर्टसाठी धावण्याआधी घरात बसून बोला. परराष्ट्र मंत्रालयाने 2017 मध्ये अशा तिबेटींना पासपोर्ट देताना अटी घातल्या : तिबेटी म्हणून मिळालेलं नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रवासासाठीची ओळखपत्राची पुस्तिका परत करायची, वस्तीत राहायचं नाही, तिथल्या सवलती सोडायच्या. आजी-आजोबा वस्तीत, घर वस्तीचं, शेतीचा तुकडा वस्तीचा. कायदा जन्माने देतो आणि प्रशासन घराच्या बदल्यात देतं, हे मला न्याय्य वाटत नाही आणि ते लिहायला मी कचरत नाही. अटी आज काय रूपात आहेत ते अर्जाच्या दिवशी तपासा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पुस्तिका कोणाच्या हातात देऊ नका.

दुसरी वाट म्हणजे आहे त्या ओळखपत्राच्या पुस्तिकेवर व्हिसा काढून जाणं. बरेच तिबेटी विद्यार्थी तसे गेले आहेत. मात्र परत यायची परवानगी निघण्याआधीच शिक्का मारून घ्यावी लागते. ती राहिली तर तिकडेच अडकाल.

सनदेचं मात्र स्पष्ट आहे. वकील कायदा, 1961, कलम 24 : वकील म्हणून नोंदणीला भारतीय नागरिकत्व लागतं. परदेशी माणसाला सूट आहे, पण त्याच्या देशात भारतीयांना वकिली करू देत असतील तरच. तुमच्या बाबतीत तो देश दाखवायचा कोणता? म्हणून वकिली करायची असेल तर नागरिकत्व सिद्ध केल्याशिवाय गत्यंतर नाही. नुसतं शिकायचं, शिकवायचं असेल तर अडत नाही. दार्जिलिंगकडच्या तिबेटी वस्तीत वाढलेले लोबसांग सांगे दिल्ली विद्यापीठातून एलएलबी झाले, हार्वर्डमधून कायद्याची डॉक्टरेट घेतली आणि 2011 ते 2021 निर्वासित तिबेटी प्रशासनाचे निवडून आलेले प्रमुख होते.

कुठला धरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा आणि दोन्ही धरायला हरकत नाही. बाहेर एलएलएमला गेलात तर प्रबंधाला विषय शोधत फिरू नका, कलम 3 आणि तुमचं घर पुरेसं आहे. निर्वासितांचा 1951चा करार भारताने स्वीकारलेला नाही आणि तरी इथे साठ वर्षांहून जास्त काळ वस्त्या उभ्या आहेत, याबद्दल तिथल्या प्राध्यापकांना तुमच्याकडून शिकायचं आहे.

प्रश्न : परदेशातलं एलएलएम केलं की तिथे वकिली करता येते का? इथे परत आल्यावर काही फायदा? — देवरी

उत्तर : नुसत्या एलएलएमवर कुठेच वकिली करता येत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर 2021 पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. ती भारतीय एलएलबीवर देता येते, एलएलएमची गरज नाही. न्यूयॉर्कच्या बारची पात्रता तुमच्या एलएलबीवर अवलंबून असते, काहींना एलएलएम करून ती पुरी करावी लागते. आधी तिथल्या बोर्डाकडून लेखी उत्तर मागवा, मग फी भरा. इथली सनद एलएलबीवर मिळते, एलएलएमने तिच्यात भर पडत नाही. शिकवायचं असेल तर परदेशी एक वर्षाच्या एलएलएमला बार कौन्सिल आणि विद्यापीठं कशी धरतात, यावर वाद चालू आहेत, तेव्हा ज्या विद्यापीठात नोकरी करायची त्याची चालू जाहिरात बघूनच ठरवा. कर्ज काढून जाणार असाल तर आणखी एक : शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करायची मुदत सध्या दोन वर्षांची आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले वगळता, दीड वर्षच मिळणार आहे. हप्त्यांचा हिशेब त्या दीड वर्षावर मांडा.